पडदा टिपताना संगणकाला धाप का लागते?

संगणकाच्या पडद्यावर जे घडते ते टिपून ठेवावे आणि सवडीने पुन्हा पाहावे, ही गरज आता केवळ तंत्रज्ञांची उरलेली नाही. परगावच्या शिक्षकांचा ऑनलाइन तास, जीएसटीचे विवरणपत्र कसे भरावे हे कर सल्लागाराने समजावून सांगितलेला अर्धा तास, परदेशातील मुलीने वडिलांना रेल्वेचे तिकीट काढण्याच्या पायऱ्या दाखवलेली भेट, रविवारचा ऑनलाइन स्वाध्याय, यांपैकी काही ना काही बहुतेक घरांत जपून ठेवण्याजोगे असते. यातले पुष्कळसे एकदाच घडते. सांगणारा तेच पुन्हा तितक्याच सवडीने सांगेल याची खात्री नसते.

नेमक्या अशा वेळी घरातला पाच-सहा वर्षांचा लॅपटॉप हात टेकतो. रेकॉर्डिंग सुरू होताच माउसचा बाण अडखळू लागतो, आतला पंखा घरघरतो, समोरच्याचा आवाज तुटतो आणि शेवटी हाती येते ती फाइल अशी, की बोलणे पुढे गेलेले आणि चित्र मागेच गोठलेले. वाईट याचेच नाही की रेकॉर्डिंग बिघडले; जो तास प्रत्यक्ष चालू होता, तोही त्या धडपडीत बिघडला. मग कोणी मोबाइल पडद्यासमोर धरून चित्रीकरण करतो. त्यात पडद्यावर सरकणारे काळे पट्टे येतात, खिडकीचे प्रतिबिंब येते आणि आवाजात स्वयंपाकघरातला कुकरही येतो. बहुतेक जण यातून एकच निष्कर्ष काढतात: संगणक जुना झाला, नवा घ्यावा. हा निष्कर्ष बऱ्याचदा चुकीचा असतो. संगणकात हे काम सहज करणारा एक भाग आधीपासून बसलेला असतो. काम मात्र दुसऱ्याच भागावर लादले जाते आणि तेही गरजेपेक्षा कितीतरी पट.

हे समजण्यासाठी थोडे अंकगणित केले पाहिजे. आज सर्वसाधारण पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला ३ बाइट लागतात, म्हणून पडद्याचे एक चित्र सुमारे ६२ लाख बाइटचे होते. चलचित्रासाठी सेकंदाला अशी ३० चित्रे घेतली, तर दर सेकंदाला सुमारे १८७ मेगाबाइट माहिती जमते. मिनिटाला ११ गिगाबाइटहून अधिक आणि तासाला सुमारे ६७२ गिगाबाइट! ५१२ गिगाबाइटची आख्खी डिस्क रिकामी असली तरी एक तास तीत मावणार नाही. शिवाय जुनी फिरती हार्डडिस्क इतक्या वेगाने लिहूही शकत नाही. म्हणून रेकॉर्डिंग करणारे प्रत्येक सॉफ्टवेअर चित्र जसेच्या तसे न साठवता आधी ते आक्रसते, आणि मगच डिस्कवर ठेवते. या आक्रसण्यालाच एन्कोडिंग म्हणतात. सेकंदाला ३० चित्रे हवी असतील तर एका चित्राच्या वाट्याला ३३ मिलिसेकंद येतात. तेवढ्या अवधीत ते आक्रसून झाले नाही, तर पुढचे चित्र दारात येऊन उभे राहते.

धाप लागते ती येथे. डिस्क मंद आहे म्हणून रेकॉर्डिंग अडते, हा समज जुन्या काळाचा अवशेष आहे. त्या काळी त्यात तथ्य होते. १९९९ साली आलेले फ्रॅप्स नावाचे सॉफ्टवेअर मुळात संगणकावरील खेळ सेकंदाला किती चित्रे दाखवतो ते मोजण्यासाठी निघाले होते. पुढे त्यात रेकॉर्डिंगची सोय आली. प्रोसेसरवर भार पडू नये म्हणून ते चित्र फारसे आक्रसत नसे, आणि मग काही मिनिटांतच डिस्क भरत असे. त्याची विनामूल्य आवृत्ती ३० सेकंदांवर थांबे ते वेगळेच. त्या काळातल्या माणसाला खरोखर वेगवान डिस्क शोधावी लागे. आज एका तासाच्या व्याख्यानाची नीट आक्रसलेली फाइल सव्वा गिगाबाइटच्या आतबाहेर होते, म्हणजे सेकंदाला पाव-अर्धा मेगाबाइट. एवढे काम साधा पेनड्राइव्हही करतो. डिस्कवर जागा किती आहे ते पाहावे, वेगाची चिंता सोडावी.

६७२ गिगाबाइटचे सव्वा गिगाबाइट कसे होते, हे पाहण्यासारखे आहे. २००३ साली प्रमाणित झालेली एच.२६४ ही पद्धत आजही सर्वाधिक वापरात आहे. ती प्रत्येक चित्र पूर्ण लिहीत नाही. एक चित्र पूर्ण लिहिते आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढे नोंदवते. चित्राचे लहान लहान चौकोन पाडून, आधीच्या चित्रातला कोणता चौकोन कोठे सरकला हे ती शोधते. किराणा दुकानदार रोज संध्याकाळी सगळा माल नव्याने मोजत नाही. आज काय आले आणि काय गेले तेवढेच मांडतो, तसेच हे. फलकावर एक वाक्य लिहिलेले आहे आणि शिक्षक बोलत आहेत, अशा वेळी दोन मिनिटे चित्रात जवळपास काहीच बदलत नाही आणि जागाही फार लागत नाही. परंतु बदल शोधण्याचे काम मात्र सेकंदाला तीस वेळा करावेच लागते, आणि ते कष्टाचे आहे.

हे कष्ट कोणी उपसायचे, हा खरा प्रश्न. संगणकाचा मुख्य प्रोसेसर ते करू शकतो; पण त्याच वेळी तो ब्राउझर चालवत असतो, व्हिडिओ कॉल उलगडत असतो, अँटिव्हायरसची तपासणी करत असतो. घरातल्या एकाच माणसाने पाहुण्यांशी बोलावे, पोळ्या लाटाव्या आणि दारची घंटाही ऐकावी, अशी त्याची अवस्था होते. याला उपाय म्हणून चिप बनवणाऱ्यांनी एन्कोडिंगसाठी वेगळाच भाग चिपमध्ये कोरला. इंटेलने २०११ मध्ये आपल्या प्रोसेसरमध्ये क्विक सिंक नावाने तो आणला. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत २०१२ पासून एनव्हीएन्क नावाचा असा भाग आहे, आणि एएमडीनेही त्याच सुमारास स्वतःचा आणला. ॲपलच्या संगणकांतही ही सोय आहे. हा भाग दुसरे काही करत नाही. त्याला काम दिले नाही तर तो नुसता बसून राहतो. दिले तर मुख्य प्रोसेसरला फारशी झळ न लागता चित्र आक्रसून देतो. एकाच नेमून दिलेल्या आकारमानात प्रोसेसरने सावकाश केलेले काम थोडे सरस उतरते, हे खरे. पण ती बारीक तफावत घरगुती रेकॉर्डिंगमध्ये फाइल किंचित मोठी ठेवून सहज भरून निघते.

ओबीएस स्टुडिओ हे या कामाचे सर्वाधिक प्रचलित सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, मुक्तस्रोत आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्स तिन्हींवर चालते. ह्यू बेली यांनी २०१२ मध्ये त्याचा आरंभ केला. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘आउटपुट’ या विभागात एन्कोडर निवडण्याची जागा आहे. तेथे ‘एक्स २६४’ असे लिहिलेले असेल तर काम मुख्य प्रोसेसरवर पडते आहे असे समजावे. यादीत क्विक सिंक, एनव्हीएन्क, एएमडी किंवा ॲपल यांच्या नावाचा पर्याय दिसत असेल तर तो निवडावा. ज्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंग अशक्य वाटत होते, त्याचा पंखा या एका बदलाने शांत होतो, असे अनेकदा घडते.

जेथे केवळ अधूनमधून एखादी खिडकी टिपायची आहे तेथे वेगळे सॉफ्टवेअर घेण्याचीही गरज नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोज, ऑल्ट आणि आर ही तीन बटणे एकत्र दाबली की गेम बारचे रेकॉर्डिंग सुरू होते. नावात ‘गेम’ असले तरी ते ब्राउझर किंवा हिशोबाचे सॉफ्टवेअरही टिपते. त्याची मर्यादा अशी की ते एकच ॲप टिपते. मोकळा डेस्कटॉप किंवा फाइलींचे फोल्डर टिपत नाही. त्याच सेटिंग्जमध्ये, नुकतेच घडून गेलेले आपोआप टिपत राहण्याचा एक पर्याय असतो. तो चालू राहिला असेल तर संगणक दिवसभर नकळत रेकॉर्डिंगच करत बसतो. तो बंद आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे. मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ५ ही बटणे २०१८ पासून हेच काम करतात. मोबाइलवर टिपायचे तर आयफोनमध्ये २०१७ च्या आयओएस ११ पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०२० च्या अकराव्या आवृत्तीपासून ही सोय मुळातच आहे. व्हिडिओ कॉलच्या ॲपमध्येच कंपनीच्या सर्व्हरवर रेकॉर्डिंग करण्याची सोय असेल, आणि यजमानाने तशी परवानगी दिली असेल, तर त्याहून हलका मार्ग नाही. घरच्या संगणकावर त्याचा काहीच भार पडत नाही.

योग्य भागाला काम दिल्यावर दुसरी गोष्ट राहते ती काम किती मागायचे याची. येथे बहुतेकांचा हात सैल असतो. सेकंदाला ६० चित्रे हा आकडा दिसला की तो निवडला जातो, कारण मोठा आकडा म्हणजे चांगला असे वाटते. वेगवान खेळ टिपायचा असेल तर ६० ला अर्थ आहे. फलकावरचे गणित, हिशोबाचे पान किंवा बोलणाऱ्या माणसाचा चेहरा यांसाठी १५ पुरतात, आणि नुसती स्लाइड असेल तर १० सुद्धा. तीसवरून पंधरावर आले की काम थेट निम्मे होते, पाहणाऱ्याला मात्र फरक जाणवत नाही. नृत्याचा किंवा योगासनांचा वर्ग असेल तर ३० ठेवावेत. हातापायांची हालचाल १५ मध्ये तुटक दिसते.

ठिपक्यांची संख्या कमी करणे हाही मार्ग आहे. १२८० गुणिले ७२० एवढ्या आकाराच्या चित्रात ठिपके निम्म्याहून कमी होतात. मात्र येथे एक मेख आहे. पडदा मोठ्या मापाचा आणि रेकॉर्डिंग लहान मापाचे असे ठेवले तर प्रत्येक चित्र लहान करण्याचे जादा काम संगणकावर येते आणि बारीक अक्षरे धूसर होतात. देवनागरीत तर हे अधिक जाणवते: आधी अनुस्वार पुसट होतो, मग रफार, मग ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी ओळखता येईनाशी होते. त्यापेक्षा पडद्याचेच माप तात्पुरते कमी करावे आणि रेकॉर्डिंग त्याच मापात घ्यावे. १३६६ गुणिले ७६८ मापाच्या लॅपटॉपवर १९२० गुणिले १०८० चे रेकॉर्डिंग घेणे तर केवळ व्यर्थ श्रम. नसलेले बारकावे त्यातून उगवत नाहीत. अक्षरांच्या रंगालाही महत्त्व आहे. आक्रसताना उजेड-अंधार पूर्ण बारकाईने जपला जातो, रंग मात्र चार ठिपक्यांना मिळून एकदाच लिहिला जातो. त्यामुळे निळ्यावर लाल अक्षरे फासल्यासारखी दिसतात आणि पांढऱ्यावर काळी अक्षरे खणखणीत उमटतात. शिकवणाऱ्याने स्लाइड करतानाच एवढे लक्षात ठेवले, तर पुढे कोणत्याही सेटिंगने न सुटणारी अडचण उद्भवतच नाही.

ओबीएसमध्ये आणखी एक निवड असते. फाइलीला सेकंदागणिक ठरावीक माहिती द्यायची की चित्राचा दर्जा ठरावीक ठेवायचा? थेट प्रक्षेपणाला पहिली पद्धत योग्य, कारण इंटरनेटचा नळ ठरावीक जाडीचा असतो. घरात साठवण्यासाठी दुसरी उत्तम. ती सीआरएफ, सीक्यूपी अशा नावांनी दिसते आणि तिचा आकडा जितका लहान तितका दर्जा वरचा. २० ते २५ च्या दरम्यानचा आकडा व्याख्यानाला पुरेसा होतो. फलक स्थिर असेल तेव्हा फाइल आपोआप लहान राहते.

एवढे करूनही अडखळणे चालू राहिले, तर अंदाजाने बटणे फिरवत बसू नये. ओबीएसच्या ‘व्ह्यू’ मेनूमध्ये ‘स्टॅट्स’ नावाची एक खिडकी आहे. तीत दोन वेगळ्या आजारांची नोंद वेगवेगळी होते. ‘एन्कोडिंग लॅग’चा आकडा वाढत असेल तर आक्रसणारा मागे पडला आहे, अशा वेळी एन्कोडर बदलावा, चित्रांची संख्या कमी करावी, आणि एक्स २६४ वापरण्यावाचून गत्यंतर नसेल तर त्याची ‘व्हेरीफास्ट’ची पायरी ‘सुपरफास्ट’ किंवा ‘अल्ट्राफास्ट’ करावी. ‘रेंडरिंग लॅग’ वाढत असेल तर दोष आक्रसण्याचा नाही. ग्राफिक्सचा भागच दुसऱ्या कामात बुडाला आहे. घरातल्या मुलाचा खेळ सेकंदाला शंभर-दीडशे चित्रे काढत असतो, तेव्हा ओबीएसला पडद्याचे चित्र उचलायलाही उसंत मिळत नाही. खेळाच्या सेटिंगमध्ये चित्रांची कमाल मर्यादा ६० ठेवली की बहुधा मोकळीक होते. ओबीएसमधील पूर्वदृश्य बंद ठेवणे, न लागणारे ब्राउझरचे टॅब मिटवणे, फाइल क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये न ठेवणे, या किरकोळ गोष्टींचाही उपयोग होतो. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर वीज वाचवण्यासाठी तो स्वतःचा वेग कमी करतो. म्हणून चार्जर लावावा. आणि तो गादीवर ठेवू नये. खालची हवेची जाळी कापसाने बुजते, उष्णता कोंडते आणि प्रोसेसर आपणहून मंदावतो. हा दोष कोणत्याही सेटिंगमध्ये सापडत नाही.

एका अडचणीने मात्र पुष्कळ जण हैराण होतात: रेकॉर्डिंग चालते, पण चित्र काळेच येते. दोन ग्राफिक्स भाग असलेल्या लॅपटॉपवर पडदा एका भागाला जोडलेला असतो आणि ओबीएस दुसऱ्यावर चालत असते, त्याचा हा परिणाम. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमधील ‘ग्राफिक्स’मध्ये ओबीएससाठी ‘पॉवर सेव्हिंग’ निवडले की सहसा पडदा दिसू लागतो. चित्रपट दाखवणाऱ्या ॲपचे रेकॉर्डिंग काळे येत असेल तर ते वेगळे. तेथे हक्करक्षणासाठी चित्र मुद्दाम झाकलेले असते आणि त्यात संगणकाचा काही दोष नसतो.

आता आवाजाकडे. चित्राच्या गणिताशेजारी आवाजाचे गणित मांडले तर आश्चर्य वाटते. सेकंदाला ४८ हजार नमुने, प्रत्येक नमुना २ बाइटचा, डावा आणि उजवा असे दोन प्रवाह. सगळे मिळून सेकंदाला १ लाख ९२ हजार बाइट. चित्राच्या न आक्रसलेल्या माहितीचा हा सुमारे हजारावा हिस्सा झाला. आवाज टिपण्याने संगणक कधीच थकत नाही. आणि तरीही रेकॉर्डिंग वाया जाते ते बहुतेक वेळा आवाजामुळे. चित्र क्षणभर थांबले तर ऐकणारा चालवून घेतो. शब्द गाळला गेला तर वाक्य हरवते.

यासंबंधी एक सर्वपरिचित उदाहरण आहे. सलमान खान (अभिनेते नव्हेत, खान अकॅडमीचे संस्थापक) २००४ मध्ये बॉस्टनमध्ये नोकरी करत असताना न्यू ऑर्लिन्समधील आपल्या मामे-चुलत नात्यातल्या मुलीला फोनवरून गणित शिकवू लागले. पुढे आणखी नातलग मुले आली, प्रत्येकाची वेळ सांभाळणे कठीण झाले, तेव्हा २००६ मध्ये त्यांनी पडद्याचे रेकॉर्डिंग करून ते यूट्यूबवर ठेवण्यास सुरुवात केली. त्या पाठांत त्यांचा चेहरा नव्हता. काळी पाटी, रंगीत रेघा आणि आवाज, एवढेच. मुलांना ते प्रत्यक्ष शिकवणीपेक्षाही आवडले, कारण न समजलेला भाग लाज न बाळगता पुन्हा ऐकता येत होता. तंत्राच्या दृष्टीनेही ती रचना फार हलकी होती: काळ्या पाटीवर एका वेळी एकच रेघ बदलते. संगणकाला श्रम नाहीत आणि ऐकणाऱ्याचे लक्ष शब्दांवर. कुटुंबासाठी पाठ टिपणाऱ्याने कॅमेऱ्यात स्वतःचा चेहरा कोपऱ्यात ठेवण्याचा अट्टहास करू नये, असे यावरून म्हणता येते. वेबकॅमचे चित्र सतत हलत असते आणि तेच भार वाढवते.

चित्राचा भार आणि आवाजाचा दर्जा यांचा एक आडवळणाचा संबंधही आहे. प्रोसेसर तापला की पंखा जोरात फिरतो आणि लॅपटॉपचा मायक्रोफोन त्या पंख्यापासून वीतभर अंतरावर असतो. म्हणजे चित्रात मागितलेली अनावश्यक श्रीमंती आवाजात घरघर होऊन उमटते. चित्र हलके केले की आवाज आपोआप स्वच्छ होतो.

तारेचा साधा इअरफोन येथे महागड्या ब्लूटूथ हेडसेटपेक्षा सरस ठरतो. ब्लूटूथचा मायक्रोफोन चालू होताच बहुतेक हेडसेट बोलण्यासाठीच्या हलक्या पद्धतीवर जातात आणि ऐकू येणारा आवाजही डबक्यातून आल्यासारखा होतो. शिवाय तो किंचित उशिराने पोहोचतो. इअरफोनचा आणखी एक लाभ असा की समोरच्याचा आवाज स्पीकरमधून बाहेर पडून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरत नाही, त्यामुळे दुहेरी प्रतिध्वनी येत नाही.

ओबीएस संगणकातून येणारा आवाज आणि मायक्रोफोनचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवू शकते. असे सहा ट्रॅक मिळतात. ही सोय आवर्जून वापरावी. नंतर आपल्या बाजूचा खोकला, कुकरची शिट्टी, दारातील भाजीवाल्याची हाक पुसून टाकता येते आणि शिकवणाऱ्याचे बोलणे अबाधित राहते. एकाच ट्रॅकवर सगळे मिसळले की ते वेगळे काढणे दुरापास्त. विंडोज आणि ओबीएस यांच्यातील नमुन्यांची संख्या एकच, शक्यतो ४८ हजार, असावी. बोलताना आवाजाची पट्टी पिवळ्या भागात खेळावी, लाल भागाला भिडू नये. लाल भागात फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. मॅकवर क्विकटाइम प्लेअरने पडदा टिपला तर केवळ मायक्रोफोनच टिपला जातो, संगणकातील आवाज येत नाही, हे अनेकांना तास संपल्यावर कळते. मॅकओएस १३ पासून पुढे ओबीएसमधून तो थेट टिपता येतो.

महाराष्ट्रात उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात वीज जाते, म्हणून फाइलीच्या प्रकाराचा विचार केला पाहिजे. एमपी४ प्रकारच्या फाइलीची अनुक्रमणिका रूढ पद्धतीत अगदी शेवटी, रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. मध्येच संगणक बंद पडला तर ५५ मिनिटांची माहिती डिस्कवर असूनही फाइल उघडत नाही. एमकेव्ही प्रकारात जेवढे टिपले तेवढे शाबूत राहते. म्हणून रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये करावे आणि नंतर ओबीएसच्या ‘फाइल’ मेनूतील ‘रीमक्स’ने त्याचे एमपी४ करून घ्यावे. त्यात पुन्हा आक्रसणे नसल्याने काही क्षणांत काम होते आणि दर्जा तसूभरही घटत नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारचा असेल तर एक फाइल ४ गिगाबाइटपलीकडे जात नाही. लांबलचक शिबिर टिपताना तो आधीच एक्सफॅट करून घ्यावा.

तंत्राबाहेरची एक बाब राहते, आणि ती टाळण्यासारखी नाही. समोरच्याला न विचारता त्याचे बोलणे टिपणे सोपे झाले म्हणून ते योग्य होत नाही. कॉलचे ॲप स्वतः रेकॉर्डिंग करते तेव्हा सर्वांना तशी सूचना देते. ओबीएस किंवा गेम बार अशी सूचना देत नाही. म्हणून ती माणसाने द्यावी. शिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत, फार तर फाइल पुढे पाठवू नका असे सांगतात, आणि तो शब्द पाळला गेला पाहिजे. शुल्क घेऊन चालणाऱ्या वर्गाचे रेकॉर्डिंग परवानगीवाचून नातलगांच्या व्हॉट्सॲप समूहात टाकणे हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे उल्लंघन ठरते. जे दिलेले नाही ते घेणे या शब्दांत ते अधिक लवकर कळेल. स्वतःच्या बाजूनेही सावधगिरी हवी: संपूर्ण पडदा टिपला जात असताना कोपऱ्यात उमटणारा बँकेचा ओटीपी, कोणाचा खासगी निरोप, उघडी राहिलेली पासवर्डची वही हे सारे फाइलीत जाते. सूचना बंद कराव्यात आणि शक्यतो पूर्ण पडद्याऐवजी एकच खिडकी टिपावी.

महत्त्वाच्या तासाच्या आदल्या दिवशी, त्याच वेळी, त्याच जागी बसून पाच मिनिटांचे रेकॉर्डिंग करून पाहावे. एक मिनिटाची चाचणी पुरत नाही, कारण संगणक तापायला वेळ लागतो आणि खरा अडथळा तापल्यानंतरच दिसतो. ती फाइल इअरफोन लावून शेवटपर्यंत ऐकावी, दोन्ही बाजूंचे आवाज आले आहेत ना ते पाहावे, आणि स्टॅट्सच्या खिडकीतील दोन्ही आकडे शून्याच्या जवळ आहेत याची खात्री करावी. ओबीएस फाइलीला तारीख आणि वेळ आपोआप देते. त्यापुढे विषय आणि बोलणाऱ्याचे नाव त्याच संध्याकाळी जोडावे. महिन्याभराने अशा वीस फाइली साठल्या की हवी ती शोधण्यासाठी प्रत्येक उघडून ऐकावी लागते.